वार खाली होती

"वार तोंडाशी आहे," सोनोग्राफी पाहून यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळाचं अन्न, श्वास, सारं त्या वारेतून जातं. ती पिशवीत वरच्या अंगाला हवी, तर माझी बरोबर खाली, बाळाच्या वाटेत बसलेली. वाकू नका, काही उचलू नका, रक्त दिसलं की तडक निघा.

मग काय! ऐन वेचणीत सासू अन् नवरा कापसात, आणि मी खाटेवर. "काहून झोपली वं?" बाया विचारायच्या. पाय सुजले, मी सांगायची. वार, पिशवी हे शब्द चारचौघींत काढायचे कसे? लाज वाटायची.

त्या दुपारी घरी मी अन् सासरे, दोघंच. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांच्यासमोर मी कधी पदर ढळू दिला नव्हता, पाणी द्यायचं तेही खाली मान घालून. अचानक साडी ओली लागली. पाहते तर रक्त! दुखत तर काहीच नव्हतं. मी हाक मारली.

"काय झालं वं बाई?" ते दाराबाहेरूनच म्हणाले.

पोटात लेकरू, जीव जायची वेळ, अन् ही महामाया म्हणते काय, "डोकं दुखून राह्यलं."

ते बिचारे बाम शोधत बसले. सापडेना, तर शेजारी मागायला गेले. सासू आली की तिला सांगू म्हणून मी मांड्या आवळून पडलेली. अक्कल गहाण टाकली होती मेलीनं!

ते बाम घेऊन आले तेव्हा रक्त खाटेखाली टपकत होतं. अंगणात धावत जाऊन त्यांनी फोन लावला अन् ओरडले, "सुनेची वार खाली हाय! रक्त जाऊन राह्यलं! गाडी पाठवा लवकर!"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. सारी गल्ली गोळा झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत मला उचलून ठेवलं तेही त्यांनीच.

पोट चिरून पोरगी काढली, मला रक्त चढवलं. थोडक्यात वाचलो दोघी.

दुसऱ्या दिवशी मामाजी वॉर्डात आले. मी पदर चाचपला. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया कान देऊन होत्या.

"डोकं कसं हाय वं बाई आता?" त्यांनी विचारलं, अन् बामाची डबी उशाशी ठेवली. "असू दे जवळ."

डोकं दुखतच नव्हतं, तरी साऱ्या बायांदेखत मी कपाळाला बाम चोळला.