टाकीपाशी बसलेले अण्णा

चार मेकॅनिक एकत्र बसले की दुरुस्त झालेल्या यंत्रांबद्दल कोणी बोलत नाही. न झालेल्यांचेच किस्से निघतात. माझ्याकडे त्यांचा साठा एवढा आहे, की मित्र चहा सांगायच्या आधीच म्हणतात, "बाळू मिस्त्री, बोटीचं सांग." मग सांगावंच लागतं.

नव्वदच्या दशकात जो तो नवीन धंदा काढत होता. आमच्या नांदूरघाटाकडेही एसटीडी बूथ निघाले होते, पत्र्यांवर डिश अँटेना चढल्या होत्या. माझा मित्र भगवान याचा बूथ बरा चालला होता, म्हणून त्याला चैन पडेना. आमच्या आणि पलीकडच्या गावाच्या मध्ये धरणाचं पाणी पसरलेलं, रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा. भगवान कोकणात गेला आणि एक जुनी नाव व तिच्या मागे लावायची पेट्रोलची मोटार घेऊन आला. मला पार्टनर केलं, कारण मी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचो.

"अरे, मी समुद्र बी पाहिला न्हाई," मी म्हणालो.

"मोटारीनं पाहिलाय ना! बास झालं."

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ती मोटार ट्रकमधून उतरवली, तेव्हा तिथल्या आचाऱ्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ही उसाचा रस किती काढते? मलाही त्याच्यापेक्षा फार जास्त माहिती नव्हती.

*

पहिल्याच आठवड्यात मोटारीचा जोर गेला. भर पाण्यात ती घुसमटल्यासारखी घरघरली आणि बंद पडली. मागच्या फळीवर एक रिटायर्ड गुरुजी बसले होते, ते काहीतरी ओरडायला लागले. मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, जरा गप बसा. मला डोकं चालवू द्या."

गुरुजी गप बसले. मी प्लग काढले, पुसले, परत बसवले. कार्बोरेटर खोलला, त्यात फुंकर मारली. गुरुजी दोन्ही हातांनी कंबर धरून माझ्याकडे बघत होते. शेवटी भगवानने मोटार वर उचलली, तर खालच्या पंख्याला गुरुजींचं धोतर गुंडाळलेलं! राहिलेलं टोक त्यांच्या मुठीत होतं.

पुढच्या खेपेपासून गुरुजी पायजमा घालून यायला लागले.

*

या मोटारीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, लुनासारखंच. मी विचार केला, लुना एवढीशी, ही एवढी मोठी, म्हणजे हिला ऑइलही सढळ हाताने पाहिजे. टाकलं. दोनपैकी एक प्लग काळाठिक्कर पडून मेला. मोटारीचा जोर अर्ध्यावर आला, धूर मात्र चौपट झाला.

त्या धुरात आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. कसेबसे पलीकडे लागलो, तर काठावर बाया-माणसं भरलेल्या घागरी घेऊन उभी. नाव पेटली म्हणून गाव धावून आलं होतं. आग कुठे आहे हे बघत कोण बसतो? सगळ्या घागरी मोटारीवर रिकाम्या झाल्या, आणि मोटारीला मिठी मारून बसलेल्या मेकॅनिकवरही. आम्ही दोघं, मी आणि मोटार, बराच वेळ उन्हात वाळत पडलो होतो.

*

यानंतरचा आजार मात्र चमत्कारिक. तो फक्त बाजाराच्या दिवशी यायचा. अर्ध्या पाण्यात जोर कमी कमी होत मोटार बसायची. पेट्रोल संपलं की काय म्हणून मी टाकीचं झाकण उघडून बघायचो. पेट्रोल असायचं. झाकण लावून दोरी ओढली की मोटार चालू!

भगवान म्हणाला, "हिला कुणीतरी बघितलेलं आवडतं." मलाही ते पटलं होतं.

आता, बाजाराला येणाऱ्यांत वैजनाथअण्णा असायचे. पलीकडच्या गावात त्यांचं किराणा आणि रॉकेलचं दुकान. कधीमधी त्यांच्यासोबत बाजाराला येणारी त्यांची मुलगी महानंदा माझ्या आईने माझ्यासाठी हेरली होती, आणि खरं सांगायचं तर आईच्या आधी मी. अण्णांनी निरोप धाडला होता, मुलगा मेकॅनिक आहे म्हणतात, तर काम बघू आणि मग बोलू. काम बघायला ते दर बाजारी आमच्या नावेत टाकीशेजारी बसायचे, आणि दर बाजारी मोटार बंद पडायची. मला रात्री झोप लागेना.

एक दिवस माझी नजर अण्णांच्या हातावर गेली. टाकीच्या झाकणावर एक बारीक स्क्रू असतो. नाव निघताना तो सैल करायचा, म्हणजे पेट्रोल कमी होईल तशी हवा आत जाते. तो आवळला की हवा बंद, मग पेट्रोल बंद, मग मोटार बंद. अण्णांचा जन्म रॉकेलच्या डब्यांत गेलेला, काही सैल दिसलं की त्यांचा हात आपोआप जायचा. शेजारच्याशी साखरेच्या भावावर बोलता बोलता त्यांची बोटं स्क्रू आवळत होती.

मी भगवानला सांगितलं.

"मग सांग की बे त्यांना."

"चारचौघांत सांगितलं तर सासरा हातचा जातो."

"आन न्हाई सांगितलं तर?"

"तरी जातो."

पुढच्या बाजारी अण्णा आपल्या मेहुण्याला घेऊन आले. आज होकार नाहीतर नकार, हे अण्णांच्या कडक इस्त्रीच्या टोपीवरूनच कळत होतं. मोटार ठरल्या जागी बसली.

"कावून बंद पडली?" अण्णांनी विचारलं.

मी म्हणालो, "अण्णा, माझं तर डोकं चालंना. तुमीच एकदा झाकण उघडून बघता का?"

अण्णांनी झाकण उघडलं. टाकीने सुस्कारा टाकला. मी दोरी ओढली, मोटार चालू झाली. सगळी नाव अण्णांकडे बघायला लागली. अण्णा मेहुण्याला म्हणाले, "पोराला कळत काईच न्हाई. पण इचारतंय तरी. देऊन टाकू."

आणि झाकण लावून स्क्रू नीट आवळला.

*

लग्न त्यांच्या गावात लागलं. परतताना मुंडावळ्या कानामागे सारून मीच दोरी ओढली. अण्णा लेकीला पोचवायला आमच्या काठापर्यंत आले, आणि आपल्या नेहमीच्या जागी, टाकीशेजारी बसले. मी देवाचं नाव घेतलं. भगवानने वल्ही हाताशी काढून ठेवली.

अर्धं पाणी आलं. मोटार चालूच. अर्धं पाणी मागे पडलं, तरी चालूच. मी वळून पाहिलं. महानंदाने वडिलांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून मांडीवर घेतला होता. अण्णा डाव्या हाताने उपरण्याने डोळे पुसत होते. ते बघून नावेतल्या बाया रडायला लागल्या, गुरुजींनीही नाक शिंकरलं. माझेही डोळे भरून आले, कारण मोटार एकदाही खोकली नव्हती.

काठ आला. नाव चिखलात टेकली, मी मोटार बंद केली. तेव्हा महानंदा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली, अगदी हळू.

"आता अण्णांचा हात सोडू का?"