मास्तरांचं आवाळू

दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सांच्या कापडी टोप्या शिवायचे ते मास्तर. अंगानं काटकुळे, जिभेनं तिखट, आणि डोक्याच्या मागे उजवीकडे लिंबाएवढं आवाळू. प्रत्येक टोपी आधी स्वतःच्या डोक्यावर बसवून बघायची, ही त्यांची रीत. कुणी आवाळू काढायचं म्हटलं, की ते विषय उडवून लावायचे. दुखण्याला ते भीत नव्हते. माप बिघडेल आणि हातातलं काम जाईल, ही धास्ती होती. कंगवा लागून रक्त येतं तरी यांचं आपलं माप नि माप, असं म्हणून बायको कपाळाला हात लावायची.

शेवटी तिनंच त्यांना ओढत नेऊन सर्जनबाईंपुढे बसवलं. बाईंनी गाठ दाबली, बोटानं सरकवून पाहिली. हाडाला चिकटलेली नव्हती, साधीच वाटत होती. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी स्वतःची टोपी काढून मास्तरांच्या डोक्यावर चढवली. मागचा फुगवटा आवाळूवर चपखल बसला.

"मास्तर, म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे तुमचं आवाळू डोक्यावर घेऊन फिरतोय?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र टोपी निरखत होत्या. मोठ्या फुगवट्याच्या कडेला आणखी एक होता, वाटाण्याएवढा. त्यांनी तिथेच डोकं चाचपलं, तर थोरल्या गाठीच्या आडोशाला धाकटी दडलेली. सोनोग्राफीतही दोन दिसल्या. अशा गाठी जोडीनं सापडतात, बाई म्हणाल्या, पण टोपीनं केलेलं निदान मात्र त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

जागा बधिर करून दोन्ही गाठी पिशवीसकट, न फुटता काढल्या. टाके घालताना मास्तर गप्प बसतील तर शपथ. "बाई, टीप जरा बारीक येऊ द्या," असं चाललं होतं. तपासणीतही गाठी निरुपद्रवी निघाल्या.

बरे झाल्यावर मास्तरांनी शरमेनं सगळ्या टोप्या सपाट शिवून दिल्या. दुसऱ्याच दिवशी गठ्ठा परत. आता गेलंच काम, म्हणून ते कात्री-टेप आवरायला लागले. गठ्ठा घेऊन आलेल्या सिस्टरनं त्यांना समजावलं, की थोरल्या फुगवट्यात सगळ्या सिस्टरांचे अंबाडे बसायचे, धाकट्यात पिना. सपाट टोपी डोक्यावर टिकतच नाही.

"आम्हाला आवाळूवालीच हवी, मास्तर."

मास्तरांना रडू फुटलं. बायकोनं लोकरीचा गुंडा आणि एक वाटाणा त्यांच्या डोक्याला घट्ट बांधला आणि हातात कापड दिलं.

"शिवा आता," ती म्हणाली. "पण हे मात्र रोज झोपताना काढून ठेवायचं."