बेचाळीस लॅपटॉप आणि एक मी

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. आमच्याकडे लॅपटॉपचा पंखा उघडला की चिमूटभर वाळू निघतेच, आणि लॅपटॉप घेऊन आलेल्याने तोंड उघडलं की एक किस्सा निघतो. वाळू मी ब्लोअरने उडवून देतो. किस्से मात्र साठत जातात. अकरा वर्षांत इतके साठलेत की रोल्लाला चहाच्या हॉटेलात मित्र जमले की "नित्या, या आठवड्यात कोण?" एवढंच विचारतात आणि खुर्च्या पुढे ओढतात.

आमची कंपनी इथे आखातात, हमरिया फ्री झोनमध्ये आहे. आम्ही पाइपलाइनचे व्हॉल्व्ह बनवतो. ऑफिसात बेचाळीस लॅपटॉप आहेत आणि ते सांभाळायला एकटा मी. माणसं सगळी शिकलेली, कुणी सीए, कुणी इंजिनियर, कुणी एमबीए. पण लॅपटॉप बिघडला की सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं : "मी काहीच केलं नाही." सहसा खरंच काही केलेलं नसतं. अपडेट केलेलं नसतं, बॅकअप घेतलेला नसतो, समोर आलेली सूचना वाचलेली नसते.

हे किस्से गेल्या वर्षाचे आहेत आणि ते वर्ष मला हसण्यासारखं अजिबात नव्हतं. ऑक्टोबरात आमचे जनरल मॅनेजर करमरकर साहेब यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "नितीन, तू दिवसभर नक्की काय करतोस रे?"

मी म्हणालो, "साहेब, लॅपटॉप बघतो."

"लोक म्हणतात, तू येतोस, एक बटण दाबतोस आणि जातोस. मग बटण दाबायला कायमचा माणूस कशाला?"

साहेबांनी एक रिमोट हेल्पडेस्क कंपनी ट्रायलवर घ्यायचं ठरवलं होतं. ती माणसं कुठेतरी दूर बसून आमचे लॅपटॉप सांभाळणार. त्यांना जमलं तर माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरअखेर खलास. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि माझी मुलगी सई दहावीला होती. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मला फक्त मार्चअखेरपर्यंतचे तीन महिने हवे होते. तसं मी साहेबांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "इन्शाल्ला." पुण्याच्या माणसाने इन्शाल्ला म्हटलं की मी समजायचं ते समजलो.

तर मी कुणासाठी कोणती बटणं दाबतो, ते आता ऐका.

* * *

अकाउंट्सचे पेठे. वय पंचावन्न, ऑफिसातला सगळ्यात शिस्तीचा माणूस. पेनांनासुद्धा नंबर घातलेले. त्यांचा फोन आला, "लॅपटॉप फार रेंगाळतोय."

"रीस्टार्ट केलात का?"

"नितीन, मी रोज संध्याकाळी बंद करूनच घरी जातो. बाकीच्यांसारखा नाही मी."

जाऊन पाहिलं. विंडोज सांगत होतं की लॅपटॉप चौऱ्याण्णव दिवस अखंड चालू आहे. रीस्टार्टबद्दल लोक जितकं खोटं बोलतात तितकं वजनाबद्दलही बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. पण पेठे खोटं बोलणारे नव्हेत. मी म्हणालो, "रोज कसं बंद करता, जरा दाखवा."

त्यांनी समोरच्या मोठ्या मॉनिटरखालचं बटण दाबलं. मॉनिटर काळा झाला. पेठे माझ्याकडे वळून म्हणाले, "हे असं. रोज."

मी बाजूचा फायलींचा ढीग उचलला. त्याखाली लॅपटॉप होता. इतका तापलेला की हात ठेववेना, आणि पंखा घरघरत होता.

पेठे वाकून त्याच्याकडे बघायला लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "हा पण बंद करायचा असतो?"

* * *

आमचा साईट इंजिनियर ओंकार. इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. आईवडील ठाण्याचे, पण पोराला मराठीत प्रश्न विचारला की उत्तर इंग्रजीत येतं. ऑगस्टात तो अल ऐनला एका साईटवर गेला होता. लॅपटॉप गाडीत ठेवून जेवायला गेला. इथल्या ऑगस्टात बंद गाडीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीचा चहा करता येतो. परत आला तर लॅपटॉप सुरूच होईना, "जास्त तापलोय" असा संदेश देऊन बंद पडायचा.

थोडा वेळ सावलीत ठेवला असता तर काम झालं असतं. पण हा पडला इंजिनियर. त्याने साईट ऑफिसातला फ्रिज उघडला, लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्या बाजूला सरकवल्या आणि लॅपटॉप आत ठेवला. तासाभराने काढून चालू केला. आत दव धरलं होतं. एकदा चर्र आवाज आला, मग काहीच आलं नाही.

माझ्यासमोर लॅपटॉप ठेवून म्हणाला, "आय डिडन्ट डू एनीथिंग."

"ओंकार, लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवतात का रे?"

त्याने शांतपणे लॅपटॉपचं मॅन्युअल फोनवर उघडून मला दाखवलं. लिहिलं होतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा. "कूल तर होतं ना, अंकल," तो म्हणाला. आयुष्यात मॅन्युअल वाचणारा मला भेटलेला तो एकमेव माणूस, आणि त्याने ते अर्धं वाचलं.

* * *

एचआरच्या दीपाली मॅडम. खंडेनवमीला आमच्या ऑफिसातली मराठी मंडळी कॉन्फरन्स रूममध्ये लॅपटॉप ओळीने मांडून पूजा करतात. आजोबांच्या काळात हत्यारं होती, आता हे. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण मी दरवर्षी सांगतो, पूजा करायची तर झाकणावर करा, उघड्या लॅपटॉपवर करू नका.

मॅडमचं म्हणणं पडलं की बंद झाकणाची पूजा म्हणजे देव्हाऱ्याचं दार लावून आरती. त्यांनी लॅपटॉप उघडला, कीबोर्डवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. नमस्कार करून झाल्यावर सगळं उतरवायला म्हणून लॅपटॉप उचलून आडवातिडवा झटकला. जे बाहेर पडायचं ते पडलं, उरलेलं जाळीतून आत गेलं.

दसरा उलटल्यावर लॅपटॉप किंचाळायला लागला. मी पंखा उघडला. पात्यांमध्ये सात तांदूळ अडकले होते, सगळीकडे कुंकू. आतून एवढा मंगल लॅपटॉप मी पाहिलेला नाही. मी ते सात दाणे कागदावर काढून मॅडमच्या टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "मॅडम, तुमच्या पूजेने बिघडला."

मॅडम माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाल्या, "एवढी पूजा करून ही अवस्था. केली नसती तर काय झालं असतं?"

 अशा माणसांच्या सहीने माझं कॉन्ट्रॅक्ट निघतं, हे लक्षात ठेवून मी परत आलो.

* * *

नोव्हेंबरात हेल्पडेस्क सुरू झालं आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते आमचा सेल्सचा बिजू. बिजू केरळचा, आमची आपसातली भाषा हिंदी. त्याचा पासवर्ड चालेना. हेल्पडेस्कने नवा दिला, तोही चालेना. असे चार पासवर्ड झाले. शेवटी बिजू ऑफिसभर ओरडत सुटला, "मेरा अकाउंट हॅक हो गया."

मी जाऊन बसलो. स्क्रीनच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा अरबी दिसत होती. इथल्या लॅपटॉपमध्ये दोन्ही भाषा असतात, आणि दोन बटणं चुकून एकत्र दाबली गेली की भाषा बदलते. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्याने बिजूला पत्ता नाही. मी तीच दोन बटणं पुन्हा दाबली. लॅपटॉप उघडला.

बिजू अठरा वर्षं या देशात आहे. तो म्हणाला, "भाई, ये तो गलत बात है. अरब देश में अरबी पासवर्ड चलना चाहिए."

मला वाटलं, हेल्पडेस्कला चार वेळा जमलं नाही आणि मला जमलं, तर माझी बाजू भक्कम झाली. दारात करमरकर साहेब उभे होते. ते म्हणाले, "बघ, आलास आणि दोन बटणं दाबलीस. मी म्हणत होतो तेच."  एवढा राग मला त्या वर्षात कधी आला नव्हता.

* * *

आता स्वतःचाही एक सांगतो, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्यांनाच नावं ठेवतो. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी माझा घरचा लॅपटॉप चार्ज होईना. मी बॅटरीचा ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. चार्जरच्या पिना पुसल्या. मागचं कव्हर उघडून बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. पाऊण तास गेला.

सई अभ्यास करता करता उठली आणि तिने भिंतीवरच्या सॉकेटचं बटण खाली केलं. चार्जिंगचा दिवा लागला.

"बाबा, इट वॉज ऑफ," ती म्हणाली.

मला वाटलं आता ही हसणार. ती हसली नाही. माझ्याशेजारी बसून म्हणाली, "दीपाली आंटीच्या रियाने सांगितलं मला. आर वी गोइंग बॅक बिफोर माय बोर्ड्स?"

"नाही," मी म्हणालो.

"प्रॉमिस?"

मी प्रॉमिस दिलं. हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि त्या प्रॉमिसला कसलाही आधार नव्हता. पोरीने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला होता. त्या संध्याकाळी मी घाबरलो होतो, हे आज सांगायला हरकत नाही.

* * *

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करमरकर साहेबांचा स्वतःचा लॅपटॉप झोपायला लागला. साहेब मेल लिहायला बसले की स्क्रीन काळी. बटण दाबलं की जागा व्हायचा, साहेबांनी टाईप करायला घेतलं की पुन्हा झोप.

हेल्पडेस्कला फोन गेला. तिकडून सूचना आली, "सर, प्लीज, आता कशालाही हात लावू नका." साहेब हात मांडीवर घेऊन बसले. हेल्पडेस्कने दुरून अर्धा तास लॅपटॉप चालवला. एकदाही झोपला नाही. तक्रार मिटली असं लिहून त्यांनी फोन ठेवला. साहेबांनी हात पुढे केले, लॅपटॉप झोपला.

असं नऊ वेळा झालं. विंडोज नव्याने टाकून झालं. शेवटी साहेबांनी नवा कोरा लॅपटॉप मागवला. तोही झोपला. पेठे म्हणाले, साहेबांच्या मेल वाचून आम्हालाही झोप येते. दीपाली मॅडम मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला तयार होत्या. साहेबांना मात्र घाम फुटला होता, कारण पुढच्या आठवड्यात कंपनीचे मालक वर्षाचा हिशेब बघायला येणार होते आणि तो दाखवायचा होता याच लॅपटॉपवर.

मग मला बोलावणं आलं. "नितीन, बघ जरा."

मी लॅपटॉपची नोंदवही उघडली. लॅपटॉप का झोपला, ते प्रत्येक वेळी तिथे लिहिलेलं असतं. सगळीकडे कारण एकच : झाकण बंद झालं. झाकण तर समोर उघडं होतं. मी म्हणालो, "साहेब, टाईप करा."

साहेबांनी दोन्ही हात ठेवले. डावं मनगट कीबोर्डखालच्या पट्टीवर टेकलं आणि स्क्रीन काळी झाली. मनगटात एक जाडजूड काळं कडं होतं.

"हे नवीन दिसतंय," मी म्हणालो.

"मॅग्नेटिक आहे. बीपीसाठी. हिच्या मैत्रिणीने आणून दिलं. चारशे दिरहम, म्हणजे साडेनऊ हजार. गुण आहे हं याला."

लॅपटॉपच्या झाकणात लहानसं चुंबक असतं. झाकण लावलं की ते खालच्या पट्टीजवळ येतं, त्यावरून लॅपटॉपला कळतं की झोपायचं. साहेबांनी मनगटाला चुंबक बांधून तेच पट्टीवर टेकवलं होतं. दूर बसलेल्या हेल्पडेस्कला साहेबांचं मनगट दिसत नव्हतं.

"साहेब, कडं काढा," एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. मग वाटलं, म्हणालो की लॅपटॉप चालणार, आणि साहेब म्हणणार, बघ, आलास आणि एक वाक्य बोललास. सईला दिलेलं प्रॉमिस आठवलं. लाज वाटली, नाही असं नाही. पण मी ते वाक्य गिळलं.

"साहेब, हे दुरून सापडणारं नाही," मी म्हणालो. "समोर बसून लक्ष ठेवावं लागेल."

"किती दिवस?"

"मार्चअखेरपर्यंत."

"आणि तोवर?"

"तोवर डावा हात मांडीवर ठेवा. काहीही झालं तरी वर आणायचा नाही."

साहेबांनी हात मांडीवर घेतला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने अख्खी मेल लिहिली. लॅपटॉप टक्क जागा. साहेबांनी माझ्याकडे असं आदराने अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

मालक आले, हिशेब बघून गेले. दुसऱ्या दिवशी दीपाली मॅडम मार्चअखेरपर्यंतच्या मुदतवाढीचं पत्र घेऊन केबिनमध्ये आल्या. मलाही बोलावलं होतं. साहेबांनी पेन उघडलं, पण एसीच्या झोताने कागद सारखा उडत होता.

"सर, दुसऱ्या हाताने धरा ना," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"तूच धर," ते मला म्हणाले. मी माझं पत्र दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि साहेबांनी डावा हात मांडीवर ठेवून त्यावर सही केली.