आत्याची पोरं तिशीत होती

कुसुमआत्या गेल्याचा भावाचा फोन आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. दौंडला पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं, आणि त्यातली निम्मी मला अनोळखी... तिचे जुने विद्यार्थी. बहुतेकांना ती इंटरनेटवर सापडली होती.

आत्या राहू गावच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर दौंडला एकटी राहायची. मी तेव्हा शिरूरला कॉलेजात. आम्ही मैत्रिणी सायबर कॅफेत मित्र जोडायच्या एका साइटवर पडीक असायचो. तिथं सगळे विशीतलेच. सुट्टीत आत्यानं विचारलं, "तिथं माझी पोरं सापडतील का गं?"

"तिथं म्हातारी माणसं नसतात, आत्या."

"म्हातारी कोण शोधतंय? माझी पोरं आता तिशीत असतील."

ती दौंडच्या कॅफेत जाऊन स्वतःच शिकली. एक दिवस मला तिची फ्रेंड रिक्वेस्ट आली. मैत्रिणी हसतील म्हणून मी ती तशीच ठेवली. "माझी रिक्वेस्ट दिसली न्हाई व्हय तुला?" तिनं फोनवर विचारलं. "बघते," म्हणाले. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

दोनेक वर्षांत तिथं मामा, काकू, शेजारी, सगळेच आले. फुलांचे फोटो, सुविचार सुरू झाले. आमचा घोळका नव्या साइटवर पळाला. आत्या तिथंच राहिली, कारण तिची पोरं आत्ता कुठं यायला लागली होती.

त्यातलीच एक भांडगावची संगीता. सातवीत तिचं लग्न ठरलं, तेव्हा आत्या तिच्या घरी भांडून आली होती, पण उपयोग झाला नाही. लेकीच्या अकाउंटवरून संगीतानं तिला शोधलं. त्या दिवशी अंगणात तीच मला सांगत होती, "बाई म्हनल्या, भायेरनं परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भर. दर रविवारी हितं येत हुते. दहावी झाले मी." मग थांबून म्हणाली, "तुमचं लई कौतुक करायच्या..." मी तिला आत घेऊन गेले.

आत्याच्या टेबलावर शंभर पानी वही आहे. टायपिंग हळू, म्हणून ती निरोप आधी घरी लिहून काढायची. स्वतःच्याच ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं सुधारायची, आणि पाठवून आल्यावर समोर बरोबरची खूण. शेवटच्या निरोपापुढं खूण नाही. तो संगीतासाठीच होता. मी तिला वाचून दाखवला : "बारावीचा फॉर्म भरलास का?"

संगीतानं पदरानं डोळे पुसले आणि वहीकडं बघत म्हणाली, "न्हाई, बाई. सोमवारी भरते."