हेडसेटमधला हुंकार

मला एका जागी गप्प बसवत नाही. जेवताना पाय हलवतो, सिग्नलला स्टेअरिंगवर ताल धरतो. असा माणूस विमान चालवायला शिकणार म्हटल्यावर बायको हसलीच. "तुझ्या शेजारी कोण बसणार आहे, त्याची मला काळजी वाटते," म्हणाली.

शेजारी बसायचे ते आमचे सर. माझ्यासारखेच मावळातल्या शेतकरी घरातले, हवाई दलातून निवृत्त झालेले. लोणावळ्याच्या पलीकडे डोंगरांमध्ये एक छोटी खासगी धावपट्टी आहे, तिथे ते मायक्रोलाइट विमान शिकवतात. मायक्रोलाइट म्हणजे दोन सीट, एक इंजिन आणि भरपूर वारा. आमच्या विमानाला दारंसुद्धा नव्हती. मांडीला मांडी लावून बसलं तरी एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून दोघांच्या डोक्याला हेडसेट आणि मध्ये इंटरकॉम. आपण तोंड उघडलं की आपला माईक आपोआप चालू होतो, गप्प झालो की बंद.

मार्चमध्ये सरांनी मला बाजूला घेतलं. चिडले किंवा मनातलं बोलायला लागले की त्यांची गावाकडची भाषा बाहेर येई. "पावसाच्या आत तुला एकट्याला उडाया सोडता आलं तर सोडीन. न्हाईतर पुढच्या साली येऊ नगं. तुजाबी येळ जातोय, माजाबी."

हे मला फार लागलं. पंचेचाळिशी उलटली होती. शिक्षण वडिलांनी ठरवलं, नवलाख उंबरे गावच्या कारखान्यातली नोकरी मामांनी लावून दिली, तळेगावचा फ्लॅट मेहुण्यानं शोधला. सगळं चांगलंच झालं, तक्रार नाही. पण एकदा तरी काहीतरी आपल्या हातानं वर न्यावं आणि आपल्याच हातानं खाली आणावं, याचा मला ध्यास लागला होता. आणि सर सांगत एक, मी करत होतो भलतंच.

म्हणून ठरवलं, प्रत्येक उड्डाण रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन ऐकायचं. सरांनी परवानगी दिली. घरातला जुना व्हिडिओ कॅमेरा सीटच्या मागे नळीला बांधला. पहिल्या दिवशी चित्र झकास आलं, पवना धरणाचं पाणी, तिकोना किल्ला, सगळं. आवाज मात्र नुसता घोंगावणारा वारा. मग लग्नाचे व्हिडिओवाले डीजेच्या मिक्सरमधून वायर घेतात तशी मी इंटरकॉममधून वायर काढून कॅमेऱ्यात खुपसली. त्यात आमचे आवाज फाटून असे आले, की आम्ही दोघं भांडतोय असं बायकोला वाटलं. शेवटी शर्टाला लावायचा छोटा कॉलर माईक आणला आणि हेडसेटच्या गादीखाली, कानाला चिकटून ठेवला. वायर शर्टाच्या आतून कॅमेऱ्यापर्यंत. जे माझ्या कानात पडेल ते जसंच्या तसं रेकॉर्ड व्हायला लागलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसून ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

सर बोलायला लागत. "आता डावीकडं वळताना नाक..." तेवढ्यात माझं "हूं". त्यासरशी माझा माईक उघडे, बाहेरचा सगळा वारा आत घुसे आणि सरांचं पुढचं बोलणं त्यात बुडून जाई. वारा ओसरे तोवर सर पुढच्या सूचनेवर गेलेले. त्यावरही माझं "हूं हूं". शेजारचा माणूस डुलक्या घेत होता आणि मी खिडकीवर डोकं आपटून घेत होतो. कितीतरी महिने मी अर्धंच ऐकून विमान चालवत होतो, आणि उरलेलं अर्धं मीच झाकत होतो.

आमच्याकडे मोठं माणूस बोलत असलं की हुंकार द्यावाच लागतो. वडील अंगणात बसून काही सांगायला लागले आणि कुणी हूं म्हटलं नाही, तर ते मध्येच थांबत. "मी काय भिंतीला सांगतोय व्हय?" असं विचारत. त्या धाकानं हुंकार माझ्या अंगातच भिनला होता. समोरचा काय सांगतोय ते कळायच्या आधी माझा होकार तयार असे.

पुढच्या उड्डाणाला मी ओठ घट्ट मिटून बसलो. सरांचं अख्खं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. काय सुंदर शिकवत होते हो! मी सांगितलं तसं वळलो, सांगितलं तसा वेग धरला. पण सरच अस्वस्थ झाले. दोन सूचना झाल्या आणि म्हणाले, "आरं, ऐकतूस ना?" मी हाताचा अंगठा वर केला. थोड्या वेळानं पुन्हा, "जागा हायस न्हवं?" तेही मावळातलेच. समोरून हुंकार आला नाही की त्यांनाही बोलणं पुढे रेटवेना. खाली उतरल्यावर मी त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. ते बराच वेळ हेडफोन दाबून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला वाटत व्हतं, मलाच आता शिकवाया येईना."

त्यानंतर माझ्या अंगठ्यावर आमचं भागायला लागलं. मेमध्ये एका सकाळी उतरल्यावर त्यांनी स्वतःचा पट्टा सोडला आणि इंजिन चालू असतानाच खाली उतरले. हातात जमिनीवरून माझ्या हेडसेटमध्ये बोलायचा छोटा रेडिओ होता. "एक चक्कर मार. मी हितंच हाय."

विमान एवढं हलकं झालं, की ते उडायच्या आधी माझं काळीजच उडालं. वर गेल्यावर मी सारखा कानाकडे लक्ष देत होतो. सर काहीतरी सांगतील. पहिलं वळण झालं, काही नाही. दुसरं झालं, काही नाही. रेडिओ बिघडला असेल, असं वाटून मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. धावपट्टी समोर आली तेव्हा मी फार उंच होतो. उतरावं की पुन्हा वर जावं? मी वाट बघितली. कुणी सांगेना. विमान मात्र थांबत नव्हतं. मग मी इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि वर गेलो. पुन्हा मोठी फेरी घेतली आणि दुसऱ्या खेपेला उतरलो, जरा आपटून, पण उतरलो.

सर विमानापाशी आले. मला भयंकर राग आला होता.

"तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत! मी उंच होतो ते दिसत नव्हतं का?"

"दिसत व्हतं की."

"मग?"

"बोललो असतो, तर तू हूं म्हनला असतास."

मी रिकाम्या सीटकडे बघितलं, मग समोरच्या धावपट्टीकडे.

"अजून एकदा जातो," मी म्हणालो, आणि ते काय म्हणतात याची वाट न बघता पट्टा ओढून घट्ट केला.