पेट्यांची भिंत

परभणीहून जालन्याला उतरलो तेव्हा माझ्या हातात एक पिशवी होती आणि खांद्यावर दक्षिण ध्रुवाच्या नकाशाची लांब गुंडाळी. हा नकाशा मी स्वतः कापडावर रंगवला आहे. गेली कित्येक वर्षं मी शाळाशाळांतून ध्रुवावरच्या जुन्या मोहिमांवर व्याख्यानं देतो. मराठवाड्यात जन्मून बर्फाचं हे वेड मला कुठून लागलं, सांगता येत नाही. उपाशीपोटी बर्फावरून घसरगाडी ओढत जाणारी ती माणसं आणि त्यांचे कप्तान मला घरच्या माणसांइतके जवळचे वाटतात. या प्रवासात मला माझ्याविषयी जे कळलं, ते सांगायला मात्र लाज वाटते.

स्टेशनावरून टांगा करून स्टँड गाठला आणि भोकरदनची एस.टी. धरली. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं खडी फोडत होती. समोरच्या बाकावर एक म्हातारे बागवान (फळविक्रेते) होते. त्यांची नजर माझ्या गुंडाळीवरून हलेना.

"साहेब, तलाव कुठं धरला म्हणायचा?"

"हा तलावाचा नकाशा नाही, चाचा. बर्फाच्या मुलखाचा आहे."

"बर्फाच्या? मंग पाणीच हाय की! इकडं आणून टाका ना जल्दी."

सगळी गाडी हसली. मीही हसलो.

भोकरदनला गाडी बदलून दुपारच्या आत धावड्याला पोहोचलो. वाघमारे गुरुजी फाट्यावर उभे होते. आमची ओळख फक्त पत्रांची, तीन वर्षांची. ध्रुवावरच्या एका मोहिमेविषयीचा माझा लेख वाचून त्यांनी विचारलं होतं की त्या मोहिमेत कुत्र्यांऐवजी तट्टं का नेली? तेव्हापासून महिन्याला एक पत्र ठरलेलं. या वेडाचा दुसरा माणूस मला आजवर भेटलेला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावरचा नकाशा काढून आपल्या खांद्यावर घेतला.

"आधी घरी. जेवण तयार आहे. मग शाळेत."

घर गावाच्या कडेला. दारात कडुनिंब, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतल्याचं गुरुजींनी मला पत्रातून कळवलं होतं, आणि मी त्यावर चार चांगली वाक्यंही लिहिली होती. मी स्वतःला सुधारलेला माणूस समजत होतो. चुलीवरच्या येसराचा (मसाल्याच्या आमटीचा) वास आला. ताट मांडलेलं दिसलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, पोट बिघडलंय. आज लंघन."

त्यांचा चेहरा पडला, पण माझ्या काळजीने. आतून त्यांच्या पत्नी कांताबाई म्हणाल्या, "एस.टी.नं घुसळून काढलं आसंल. थांबा भाऊ."

थोड्या वेळाने त्या ओवा उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "घोट घोट प्या. बराबर व्हतंय."

गुरुजी शाळेत नकाशा टांगायला पुढे गेले. कांताबाई आत वळल्या. मी अंगणात आलो आणि तांब्या कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला. पाणी मातीने क्षणात पिऊन टाकलं. ओवा तेवढा वर राहिला.

शाळेकडे जाताना बायकांची रांग समोरून येत होती, डोक्यावर घागरी. न्यायला आलेल्या शिक्षकांना मी विचारलं. ते म्हणाले, "गावातल्या विहिरी आटल्या. दीड कोसावरून आणतात. गुरुजींच्या घरचं पण तिथलंच."

व्याख्यान रंगलं. त्याच मोहिमेच्या शेवटच्या कूचेवर निघालेले आणि परत न आलेले पाच जण मी उभे केले. पाचांत एक साधा खलाशी. एक तंबू, एक भांडं. "कप्तान आणि खलाशी एकाच भांड्यातलं जेवले!" असं मी हात उंचावून म्हणालो. टाळ्या पडल्या.

मग गुरुजी उठले. "सर, एक राहिलं. कूच करण्याआधी ते ज्या लाकडी घरात राहिले, तिथं मधोमध पेट्यांची भिंत रचली होती, असं तुम्हीच मला लिहिलं होतं. अलीकडे अधिकारी, पलीकडे खलाशी."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आपल्या मित्राला किती बारीक माहिती आहे, हे गावाला कळावं, एवढीच हौस होती.

"वेळ कमी होता," मी म्हणालो.

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे तिकडं बर्फात बी हायेच का हे? मंग एका भांड्यात कवा खाल्लं?"

"तंबूत, आजी. वाटेत."

"मराया लागल्यावर," असं म्हणून तिने पदर सारखा केला. लोक हसले. मी नकाशा गुंडाळू लागलो.

फाट्यावर गुरुजींनी विचारलं, "पोट कसं आहे आता?"

"बरं आहे," मी म्हणालो. कांताबाई शेजारी उभ्या होत्या.

परतीच्या वाटेवर पिंपळगाव रेणुकाईला गाडी पाव तास थांबली. भुकेने माझा जीव चालला होता. हॉटेलात दोन प्लेट भजी खाल्ली, वर दोन गिलास पाणी प्यालो. ते गिलास कोणाकोणाच्या तोंडाला लागले होते, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर नकाशा कोपऱ्यात उभा केला, तो उघडवेना. ती पेट्यांची भिंत मी एकाही व्याख्यानात सांगितलेली नाही. मला माझा कप्तान निष्कलंक हवा होता. धावड्यात मी कुणाचा मान राखत होतो, ते अजून मला नीट सांगता येत नाही. अंगणात उभा राहून ज्याने तांब्या उपडा केला तो मी होतो, एवढं खरं. आठ दिवसांनी गुरुजींना लिहिलं: पोट बिघडलं नव्हतं. पाणी मी ओतून दिलं. जेवायला येऊ का?

महिना गेला. मग उत्तर आलं, नेहमीच्या सुंदर अक्षरात.

"तुमचं पत्र मी कांताला वाचून दाखवलं. तिला त्याच दिवशी कळलं होतं. कोंबड्या कडुनिंबाखाली ओवा टिपत होत्या. मला बोलली नाही. म्हणते, 'तुमी इतक्या दिसांपासनं वाट पाहून राह्यलते, मंग कशाला सांगू?' तुम्हाला काय लिहावं, मला सुचत नाही. तिनं सांगितलं तेच लिहितो. 'यायचं तर या म्हणावं. आधी माझ्यासंगं पाण्याची एक खेप करा. मंग पेता का न्हाई ते बघू.'"

दीड कोस जायचं, दीड कोस यायचं. नकाशा घरीच ठेवतो आहे. घागर डोक्यावर पेलणार नाही, खांद्यावर घेईन.