गोळी आणि घरच्या म्हशीचं दूध

संधिवाताच्या मैत्रिणींनो, आज सासूबाईंबरोबर कोपरगावला डॉक्टरांकडे धास्तावूनच गेले. नेहमीच्या औषधांना जोड म्हणून दिलेली अँटिबायोटिक तीन महिने घेऊनही सकाळी बोटं वळत नव्हती.

"गोळी कशी घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्याआधी सासूबाईच कौतुकाने म्हणाल्या, "मी देते की दुधाबर! लई उष्ण असत्यात या गोळ्या. घरची म्हैस हाय."

डॉक्टर हसले. "दुधामुळे या गोळीचा गुण कमी होतो. पाण्याबरोबर घ्या, दूध दोन तासांनी. महिन्याने बघू."

म्हणजे या गोळीकडून अजून आशा होती! मला हायसं वाटलं.

आत्ता घरी सासूबाईंनीच पाण्याचा तांब्या पुढे केला. "दूध झाकून ठिवलंय. घड्याळ मी बघते."

एकटी गेले असते, तर 'वेळेवर घेते' एवढंच सांगून आले असते. तुमच्या हातात गोळी कोण देतं? त्यांनाही सोबत न्या.